जुनी गाडी ऑइल खाते, निळा धूर सोडते: इंजिन खोलण्याआधी काय काय तपासावं

बाबांची गाडी २००६ ची. पेट्रोल, चार सिलिंडर, अकराशे सीसी, एमएच ०८ पासिंग. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती चिपळूणहून माझ्याकडे कराडला आली. तेव्हा मीटर १,३८,००० च्या आसपास होतं. माझ्याकडे आल्यापासून तिने दोनदा धूर काढला. दोन्ही वेळा निळाच, पण कारणं मात्र वेगवेगळी निघाली. पहिल्या खेपेला एका गॅरेजने "रिंग-पिस्टन गेलं, हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे इंजिन खोलून रिंग-पिस्टन बदलावे लागतील) म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला सगळे म्हणत होते की आधी बसवलेले व्हॉल्व्हचे सीलच डुप्लिकेट निघाले. दोन्ही वेळा सांगितलेलं चुकीचं होतं, आणि आमचे पैसे वाचले ते मी एका वहीत धूर कधी येतो आणि ऑइल किती घालावं लागतं हे लिहून ठेवत होते म्हणून.

ज्यांची गाडी पंधरा वर्षांच्या आसपास आहे, फेरनोंदणी तोंडावर आली आहे आणि मागून कुणीतरी "ताई, गाडी धूर मारतेय" असं ओरडून सांगतंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी फुकटातल्या गोष्टी

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम असताना बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरू द्या, मग डिपस्टिक काढून पुसा, परत घाला आणि बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल तर धुराचं कारण तिथेच असू शकतं. डबा साडेतीन लिटरचा आणि इंजिनात मावतं तीन लिटर, मग उरलेलं कुठे ठेवायचं म्हणून सगळंच ओतलं, असं बऱ्याचदा होतं. जास्तीचं ऑइल क्रँकच्या फेऱ्यात येऊन घुसळतं, फेस होतो आणि ब्रीदरच्या पाइपातून थेट एअर फिल्टरकडे जातं. जादा ऑइल काढून घेतलं की तो धूर थांबतो.

ऑइल कमी होत असेल तर ते जळतंय की गळतंय हे ठरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं मागचं सील, या नेहमीच्या जागा. पुठ्ठा सकाळी कोरडा असेल आणि इंजिनाची बाजूही स्वच्छ असेल, तर ऑइल सायलेन्सरमधून जातंय असं धरायला हरकत नाही. मागे धूर दिसत नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं मात्र समजू नका. सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला असला तर थोडं जळलेलं ऑइल तो डोळ्यांना दिसूच देत नाही.

आणि डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत थांबलात तर बेअरिंगपर्यंत नुकसान पोहोचलेलं असतं. ऑइल खाणाऱ्या गाडीची डिपस्टिक दर आठवड्याला काढून बघायचीच.

रंग बघा, पण रंगावर अडून बसू नका

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: तुंबलेला एअर फिल्टर, गेलेला सेन्सर, गळका इंजेक्टर, जुन्या गाडीत कार्बोरेटर. ते वेगळं प्रकरण आहे, इथे त्यात शिरत नाही.

पांढऱ्याचे दोन प्रकार. थंडीत किंवा पावसाळ्यात सकाळी गाडी चालू केली की जी वाफ दिसते ती हवेत लगेच विरते आणि इंजिन तापलं की बंद होते. ते नुसतं पाणी आहे. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा ढग मागे लोंबत राहत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) बघायला हवं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला की लोक घाबरतात. कूलंट कमी होत नसेल आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर झाकणाखालचा तो पातळ थर बहुतेक वेळा इंजिनात साचलेल्या दमटपणाचा असतो. तसा रंग डिपस्टिकवरच्या ऑइललाही आला असेल तर मात्र गाडी चालवू नका.

निळसर, करपट वासाचा, उन्हात चटकन ओळखू येणारा धूर ऑइलचा. खात्री करायची असेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरा कागद मिनिटभर धरा. पाण्याचे शिंतोडे वाळून जातात. ऑइलचे तपकिरी ठिपके चिकट राहतात, बोटाने पसरवले तर पसरतात. आमच्या कागदावर बाजरीएवढे सहा-सात ठिपके होते आणि दुसऱ्या दिवशीही ते तसेच तेलकट होते.

धूर कधी येतो, तेच खरं निदान

स्वतःच्या गाडीचा धूर स्वतःला नीट दिसत नाही, म्हणून मागून दुसऱ्या वाहनावर कुणालातरी यायला सांगा. माझ्यामागे भाचा बाइकवर असायचा. कराड-चिपळूण रस्त्यावर कुंभार्ली घाट असल्यामुळे एका फेरीत सगळ्या परीक्षा होतात.

पहिल्या खेपेला वहीत तीन नोंदी होत्या. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका, अर्ध्या मिनिटात साफ. सिग्नलला दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवून थांबलो की निघताना भपका. आणि घाट उतरून पोफळीला सपाटीवर आलो, ॲक्सिलरेटर दाबला, की मागे मोठा ढग. चढताना काहीच नाही.

ही लक्षणं व्हॉल्व्ह सीलची. व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची टोपी बसवलेली असते. हेडमध्ये फिरणारं ऑइल गाइडमधून खाली उतरू नये म्हणून ती असते. रबर कडक झालं की रात्रभरात थेंब थेंब ऑइल खाली उतरून साठतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला जळतं. घाट उतरताना आपला पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, थ्रॉटल बंद असतो, पण गिअरमुळे इंजिन वेगात फिरत असतं. त्यामुळे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत यायच्या वाटेत, जबरदस्त ओढ तयार होते आणि ती ढिल्या सीलमधून ऑइल खेचून घेते. खाली आल्यावर पाय दाबला की साचलेलं सगळं एकदम बाहेर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ती ओढ पिस्टनवरच्या रिंगांमधूनही थोडंफार ऑइल वर खेचते, त्यामुळे उतारानंतरचा ढग एकटा पुरावा म्हणून पुरत नाही. सकाळचा भपका जास्त विश्वासाचा, कारण रिंगा खाली असतात आणि उभ्या गाडीत ऑइल खालून वर चढत नाही.

उलट चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओढत असताना सतत धूर येत असेल आणि जोर वाढेल तसा वाढत असेल, तर संशय रिंगांवर. आणि गाडी उभी असताना, नुसत्या आयडलवर सारखा धूर येत असेल तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. त्याबद्दल पुढे लिहिते.

प्लग आणि कॉम्प्रेशन

"हाफ इंजिन" ऐकून मी घाबरले होते. तेव्हा ओळखीच्या एका मिस्त्री काकांनी सांगितलं, आधी प्लग काढू, मग बोलू. चारही प्लग त्यांनी काढून क्रमाने फळीवर मांडले. दोन कोरडे, फिक्या तपकिरी रंगाचे. दुसरा आणि तिसरा काळा, ओला, आणि गंमत म्हणजे काळा थर एकाच बाजूला जास्त. काका म्हणाले, ही बाजू इनटेक व्हॉल्व्हकडची. ऑइल वरून येतंय.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. हे करताना घाई झाली तर आकडे फसवतात. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचा कनेक्टर काढलेला हवा, बॅटरी भरलेली हवी आणि कुणीतरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला हवा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. आमचे आकडे १२.२, १२, ११.९ आणि १२.१ किलो. साधारण १७० पीएसआय. पेट्रोल गाडीला हे उत्तमच, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही सारखे. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत बघा. पण एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दीड-दोन किलोने खाली असेल तर पुस्तिकेशिवायही कळतं.

असा एखादा खाली निघालाच, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एअर कॉम्प्रेसर असलेलं गॅरेज असेल तर लीक टेस्ट त्याहून सरस: पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि फुसफुस कुठून येते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

चिपळूणची गाडी म्हटली की प्रत्येक मिस्त्री एक प्रश्न विचारतो: २०२१ च्या पुरात होती का? आमची नव्हती, पण प्रश्न योग्य आहे. चालू इंजिनात पाणी शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, मग त्या एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन खाली राहतं. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि असा एकच आकडा कमी निघाला, तर गाडीचा इतिहास नक्की विचारा.

काकांनी सील हेड न उतरवता बदलले. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली, टोक बाहेर ठेवलं आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणला. दोरीची गुंडाळी व्हॉल्व्हला खालून टेकू देते, त्यामुळे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. त्याआधी हेडमधल्या ऑइल उतरायच्या सगळ्या भोकांत त्यांनी चिंध्या कोंबल्या होत्या, कारण व्हॉल्व्हचं लॉक नखाएवढं असतं आणि आत पडलं तर सम्प उतरवावा लागतो. जुनी सील मी हातात घेऊन बघितली. नखाने दाबली तर दबत नव्हती. एकीचे तर सरळ दोन तुकडे झाले. स्प्रिंग निघालेली असतानाच काकांनी प्रत्येक व्हॉल्व्हची दांडी बोटांनी आडवी हलवून पाहिली. तुमच्या मिस्त्रींनाही हे करायला लावा. दांडी गाइडमध्ये खडखडत असेल तर नवं सील काही महिन्यांत पुन्हा जातं आणि धूर परत येतो. आमची घट्ट होती.

सील काही शे रुपयांचे, मजुरी एका दिवसाची. धूर दुसऱ्या दिवसापासून बंद.

आठ महिन्यांनी धूर परत आला तेव्हा

यावेळी नोंदी वेगळ्या होत्या. सकाळचा स्टार्ट अगदी साफ. सिग्नलवर काही नाही. चिपळूणहून परत येताना घाट चढू लागलो की भाच्याचा फोन: मावशी, निळं दिसतंय. म्हणजे सील शाबूत होते, दुखणं दुसरीकडे होतं.

मी ऑइल मोजायला सुरुवात केली. वरच्या खुणेपर्यंत भरायचं, मीटर लिहायचं, हजार किलोमीटरनंतर औषधाच्या मापाने मोजून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायचं. ६०० मिली लागलं. काही कंपन्यांच्या पुस्तिका हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरही चालतं म्हणतात, पण आधी जी गाडी १०० मिलीसुद्धा मागत नव्हती ती ६०० मागायला लागली, तर बदल महत्त्वाचा. आकडा नुसता बघू नका, तो वाढतोय का ते बघा.

आधी पीसीव्ही. रिंगांच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेककडे ओढला जातो. हा व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला तर आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. उघडा अडकला तर आयडलवर ऑइलचे तुषार इनटेकमध्ये खेचले जातात. इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण काढून भोकावर पातळ प्लास्टिक पिशवी ठेवा. ती किंचित आत ओढली गेली पाहिजे. आमची पिशवी फुगून बाजूला पडली आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला ऑइलचं थारोळं होतं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर टकटक आवाज नाही, आत काळा गाळ घट्ट बसलेला.

नवा व्हॉल्व्ह बसवला, पाइप धुतले. पुढच्या हजार किलोमीटरला ३८० मिली. फरक पडला, पण दुखणं पूर्ण गेलं नाही.

मग पुन्हा कॉम्प्रेशन, आणि चारही सिलिंडर पुन्हा १२ च्या आसपास! इथे भलेभले फसतात, आम्हीही दोन आठवडे अडकलो. कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे रिंगा चांगल्या, हे अर्धंच खरं आहे. पिस्टनला साधारण तीन रिंगा असतात. दाब धरतात वरच्या दोन. सर्वांत खालची ऑइल रिंग असते, सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून खाली परत पाठवायचं तिचं काम. ती रिंग कार्बनने खाचेत चिकटली किंवा ती भोकं बुजली, तर ऑइल भिंतीवरच राहतं आणि जळतं. गेजला याचा पत्ताच लागत नाही.

काकांनी एक उपाय करून पाहिला. प्लगच्या भोकांतून कार्बन विरघळवणारं द्रव रात्रभर सोडून ठेवलं. हे करणार असाल तर सकाळी प्लग लावण्याआधी भोकांवर फडकं धरून इंजिन फिरवा आणि द्रव पूर्ण बाहेर काढा. आत राहिलं आणि प्लग लावून स्टार्ट मारला तर द्रव दाबलं जात नाही, रॉड वाकतो. नंतर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलायचा. आमचा आकडा ३८० वरून ३०० झाला आणि तिथेच थांबला. काहींचा यानेच प्रश्न सुटतो.

शेवटी इंजिन खोललं. दोन पिस्टनची ऑइल रिंग खाचेत अशी बसली होती की बोटाने फिरेना, आणि भोकं काळ्या डांबरासारख्या थराने बुजलेली. सिलिंडरच्या भिंतीवर मात्र कंपनीच्या होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. बोअर गेजने मापलं, झीज मर्यादेत होती. म्हणजे बोअर (सिलिंडर कापून मोठा करणं) नको, पिस्टन नको, स्टँडर्ड मापाच्या रिंगा, बेअरिंग आणि पॅकिंगचा सेट एवढंच. खोलल्यावर "आता आलोच आहोत तर बोअर करून टाकू" असं कुणी म्हणालं, तर आधी माप दाखवा म्हणून आग्रह धरा.

कार्बन का साचला याचा विचार केला तेव्हा वाईट वाटलं. बाबांनी गाडीला फार जपलं. रोज पुसायचे, कधी रेस केली नाही. पण शेवटची काही वर्षं घर ते बाजार दोन किलोमीटर, एवढंच तिचं फिरणं. इंजिन तापायच्या आत बंद. न तापलेल्या इंजिनात पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये राहतो, बाष्प होऊन निघून जात नाही, आणि गाळ धरतो. दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं हे ते काटेकोर पाळायचे, पण ते दहा हजार व्हायला अडीच वर्षं लागायची. कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑइल वर्षाला एकदा बदलायलाच हवं, किलोमीटर कितीही होवोत. घरातल्या ज्येष्ठांकडे अशी गाडी असेल तर महिन्यातून दोनदा ती तासभर हायवेला नेऊन आणा.

जे करू नये

घट्ट ऑइल आणि धूर बंद करणाऱ्या बाटल्या. दोन्हींनी धूर थोडे दिवस कमी दिसतो आणि नेमक्या त्याच काळात निदान अशक्य होतं. पुस्तिकेने परवानगी दिलेल्या ग्रेडपैकी घट्ट ग्रेड वापरणं ठीक, त्याच्या बाहेर जाऊ नका. गाळाने भरलेल्या इंजिनात जोरदार फ्लशही नको. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर दाबच जातो.

पीयूसी पास झालं म्हणून निश्चिंत होऊ नका. आमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला आयडलवर हायड्रोकार्बनची मर्यादा ७५० पीपीएम आहे. आमची गाडी हजाराला ६०० मिली ऑइल खात असताना ६१० वर पास झाली होती. शिवाय जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो, आणि तो बदलणं रिंगांच्या कामाहून महाग पडू शकतं.

टर्बो डिझेलवाल्यांनी वरचं सगळं करण्याआधी टर्बोचा इनटेककडचा पाइप काढून आत बोट फिरवावं. पाइप ऑइलने ओथंबलेला असेल आणि टर्बोची दांडी ढिली लागत असेल तर गाडी चालू करूच नका. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन बंद पडतं.

नव्या रिंगांनंतर पहिले हजार किलोमीटर मी एकाच वेगात लांबवर नेली नाही, फार रेस केली नाही, आणि तासन्‌तास आयडलवरही ठेवली नाही. हजाराला ऑइल आणि फिल्टर बदलला. आता १,५४,६०० झालेत. शेवटच्या हजाराला ७० मिली लागलं, पीयूसीवर १४० आला, आणि गेल्या रविवारी घाट चढताना भाचा पोफळीपासून हेळवाकपर्यंत मागे होता, एकदाही फोन आला नाही.